नव्वद मासे

चांगुणा शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावर माशांची पाटी नव्हती. हिरव्या रंगाची नवी पत्र्याची पेटी होती. तिनं ती उतरवून माझ्या टेबलापाशी ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"बाई, एवढी पुरंल का?"

"पुरेल की. दोन फ्रॉक, चादर, ताट-वाटी, तेलाची बाटली. यादीत एवढंच आहे."

"मोठी घेनार होते. मग वाटलं, मोठी पोरीला उचलनार नाय."

तिची पोरगी जयवंती तिच्या मागे उभी होती. सहा वर्षांची, काटकुळी, फ्रॉकची कड दातात धरलेली. पेटीकडे ती बघतच नव्हती. तिची नजर माझ्या टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या माशांवर होती.

"नाव घाला ना बाई पेटीवर," चांगुणा म्हणाली. "तिथं म्हनं सगल्यांच्या पेट्या सारख्याच असतात."

मी पांढरा रंग आणि ब्रश काढला आणि झाकणावर लिहिलं, 'जयवंती धाकू कोळी'. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचा मला अभिमानही होता. रंग वाळेपर्यंत चांगुणा पेटीशी बसून राहिली. मग पेटीच्या कडा पुसत पुसत म्हणाली, "पोर तिथं रडली तर सांगतील का आमाला कोन?"

मी म्हटलं, रडत नाही कोणी, तिथं खूप मुलं असतात, खेळणी असतात, शिवाय तिच्या भल्याचंच आहे हे. मी बरंच बोलले. चांगुणानं सगळं ऐकून घेतलं आणि पेटी डोक्यावर घेऊन पोरीला हाताशी धरून गेली.

तो शनिवार होता. मंगळवारी रणपिसे साहेब, आमचे विस्तार अधिकारी, येणार होते. ते मुलीला बघणार, माझ्या अर्जावर सही करणार, आणि साडेअकराच्या एस.टी.नं चांगुणा पोरीला घेऊन त्यांच्याबरोबरच जिल्ह्याच्या गावी जाणार होती. तिथं मतिमंद मुलांची एक निवासी शाळा होती. हे सगळं ठरलं होतं ते एकट्या माझ्या शब्दावर.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. त्या अर्जातली माझी वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'मुलीस अंकज्ञान नाही. अक्षरओळख नाही. विचारले असता उत्तर देत नाही.' खाली माझी सही, कुमुद शेटे, सहशिक्षिका, केळबंदर.

मी मूळची बार्शीची. घरात मासे सोडाच, अंडंसुद्धा आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तेविसाव्या वर्षी नोकरी लागली ती थेट समुद्राला खेटून असलेल्या कोळीवाड्यात, एकशिक्षकी शाळेत. खोलीवरून शाळेत जायला दोन वाटा होत्या. एक किनाऱ्यावरून, पाच मिनिटांची. दुसरी वरून, नारळाच्या बागेला वळसा घालून, वीस मिनिटांची. मी वरूनच जायची. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीच्या वासानं मला मळमळायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी बोलकी. घरचे म्हणायचे, कुमुद झोपली की शेजाऱ्यांनाही कळतं, कारण गल्ली शांत होते. मास्तरकीला हा गुणच आहे असं मला वाटायचं.

पहिले सहा महिने मी मुलांना 'ग गवताचा' आणि 'ऐ ऐरणीचा' शिकवत होते. केळबंदरात ऐरण एकानंही पाहिली नव्हती. पोरं खिडकीतून होड्या मोजत बसायची. मग एके दिवशी मला सुचलं, की यांना मासेच द्यावेत. चहाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी मासे केले, एकावर बांगडा, एकावर कोलंबी, सुरमई, पापलेट, मांदेली अशी नावं मोठ्या अक्षरात लिहिली, चित्रं रंगवली. प्रत्येकाच्या तोंडाला टाचणी लावली. मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक काढून काठीला दोऱ्यानं बांधलं आणि गळ तयार केला. मासा पकडायचा, नाव वाचायचं, मासे मोजायचे.

मुलं पोट धरून हसली. पहिलीतला एक म्हणाला, "बाई, एकेक मासा धरून घर चालंल का? आमचे बाप जालं टाकतात." दुसऱ्या दिवशी तो घरून फाटक्या जाळ्याचा तुकडाच घेऊन आला. गळ गेला आणि जाळं आलं. वर्गभर मासे पसरायचे, जाळं फेकायचं, आलेली मासळी अक्षराप्रमाणे निवडायची, ब चे ढीग, क चे ढीग, मग मोजायचं. खेळता खेळता तीन महिन्यांत तेवीसपैकी बावीस मुलं शब्द वाचायला आणि शंभरपर्यंत मोजायला लागली. मी मासे वाढवत वाढवत नव्वद केले. बीटातल्या शिक्षकांच्या बैठकीत माझं कौतुक झालं, आणि खोटं कशाला सांगू, ते माझ्या डोक्यात गेलं.

तेविसावी जयवंती. तिला बारा चिंचोके दिले आणि मोज म्हटलं तर ती हातानं भराभरा सरकवायला लागायची, तोंडातून शब्द नाही. मी म्हणायची, "मोठ्यानं म्हण ग. एक. पुढे? दोन." की ती थांबायची, सगळे चिंचोके पुन्हा एकत्र करायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. मी पुन्हा सांगायची. ती पुन्हा चिंचोके गोळा करायची. असं चार-पाच वेळा झालं की हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. एकदा तिच्यापुढे वीस चिंचोके ठेवून मी पाणी प्यायला उठले. परत आले तर ढिगातला एक चिंचोका तिनं बाजूला काढून ठेवलेला. "किती झाले?" विचारलं. ती म्हणाली, "एक." वीस चिंचोके, आणि पोर म्हणते एक. मी कपाळाला हात लावला.

वाचनाचंही तेच. बांगड्याचा पुठ्ठा समोर धरला की ती त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची. बाकी मुलं ओरडून सांगायची, ही मान हलवायची. ज्या युक्तीनं बावीस मुलं शिकली त्या युक्तीनं एक शिकत नाही, तेव्हा खोट युक्तीत कशी असेल, असा माझा सरळ हिशोब होता.

जानेवारीत मी चांगुणाला बोलावून सांगितलं. ती माझ्याच वयाची होती. नवरा बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. ती म्हणाली, "बाई, किनाऱ्यावर तर ती माझ्या…" मी तिला मध्येच थांबवलं. घरची गोष्ट वेगळी, शाळेची वेगळी, असं समजावलं. ती पुढे बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला कलतं."

मंगळवारी सकाळी शाळा उघडली तर पायरीवर हिरवी पेटी ठेवलेली होती आणि तिच्याशेजारी जयवंती. डोक्याला तेल, घट्ट दोन वेण्या, अंगात नवा फ्रॉक. आई माल उतरवायला किनाऱ्यावर गेली होती, तिथून थेट येणार होती.

साहेब दहाच्या सुमाराला आले. पहाटेच्या गाडीनं निघालेले, दोनदा गाडी बदललेली, डोळे तारवटलेले. माणूस भला होता. त्यांनी बाकीच्या मुलांना अंगणात खेळायला सोडायला सांगितलं आणि जयवंतीला समोर बसवलं.

"नाव काय बाळ तुझं?"

"सांग ग," मी म्हटलं. "साहेबांना नाव सांग. जयवंती म्हण. काल सांगितलं होतं ना? ज…य…"

जयवंतीनं फ्रॉकची कड दातात धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि अर्ज पुढे ओढला. तो वाचून ते म्हणाले, "आईचा अंगठा राहिलाय की."

"येतेच आहे ती."

"साडेअकराची गाडी चुकली तर थेट चारला आहे. तुम्ही बोलावून आणा तिला. तोवर मी हिला जरा बघतो. त्या तुमच्या माशांचं फार ऐकलंय, ते द्या हिच्यापुढे."

मी टोपली तिच्यापुढे उपडी केली. "हे नव्वद आहेत साहेब. मोज ग जया, किती आहेत ते." आणि मी निघाले. वरच्या वाटेनं जायला वेळ नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा मी नाकाला पदर लावून किनाऱ्याची वाट धरली.

चांगुणा वाळूत बसलेली मला लांबूनच दिसली. तिच्यापुढे बांगड्यांची रास होती, भोवती आणखी पाच-सहा बायका. मी हाक मारली, "चांगुणा, चल लवकर, साहेब आले."

तिनं वर पाहिलं नाही. बाकीच्या बायकांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरले. एका म्हाताऱ्या बाईनं ओठावर बोट ठेवलं. मी गप्प उभी राहिले. मला तशी सवय नव्हती, म्हणून डोळ्यांना काम मिळालं.

चांगुणा दोन्ही हातांत मिळून पाच मासे उचलायची आणि शेजारच्या पाटीत टाकायची. पुन्हा पाच. पुन्हा पाच. चौथ्या वेळी चार मासे पाटीत पडायचे, आणि एक ती उजव्या अंगाला वाळूवर वेगळा ठेवायची. मग पुन्हा पहिल्यापासून. तोंडातून शब्द नाही, ओठसुद्धा हलत नव्हते. मधून मधून एखादा पोट फुटलेला मासा हाती यायचा, तो ती न मोजता मागे भिरकावायची. रास संपली तेव्हा वाळूवर एका ओळीत अकरा मासे होते आणि समोर सुटे तीन.

"अकरा कोड्या न् तीन," ती मोठ्यानं म्हणाली. तेव्हा कुठे सगळ्या बायका बोलायला लागल्या.

मी विचारलं, "बोलत का नाही मोजताना?"

"मोजताना कोन बोलतं बाई? बोललं की मोजनी तुटते. परत सगला माल एक करून पयल्यापासून."

"आणि हे बाजूला ठेवलेले?"

"कोडीची खून. ईस झाले की इसावा बाजूला. मग नुसती खून मोजायची." ती हात धुवायला उठली. "ही खून रोज जया ठेवते. चार वर्सांची होती तवापासून. आज ती शालंत, म्हनून मना येल लागला."

'किनाऱ्यावर तर ती माझ्या' याच्या पुढचं वाक्य मला ते असं ऐकायला मिळालं, तीन महिने उशिरा.

मी पळत सुटले. वाळूत चप्पल रुतायला लागली तशी ती हातात घेतली. एकच विचार डोक्यात होता. साहेब भले आहेत, भला माणूस मुलाला मदत करतो, मध्येच म्हणतो, 'हं बाळ, मग? पुढे किती?' आणि मग पोर सगळं गोळा करेल, पहिल्यापासून सुरू करेल, आणि पाचव्या खेपेला हात मांडीवर ठेवेल. साहेब सही करतील आणि साडेअकराची गाडी येईल.

शाळेच्या दारात पोचले आणि थबकले. रणपिसे साहेब माझ्या खुर्चीत मागे मान टाकून झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा हातात. पहाटे उठलेल्या माणसाला दमट वाऱ्याची झुळूक पुरेशी झाली होती. इतकी शांत मी ती खोली कधी पाहिली नव्हती.

जयवंती जमिनीवर बसली होती. तिच्या डावीकडे पुठ्ठ्याच्या माशांचा नीट ढीग. उजवीकडे एका ओळीत चार मासे. समोर सुटे सात. तिचं काम संपलेलं होतं आणि ती कोणीतरी विचारण्याची वाट बघत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तोंड उघडण्याआधी चार ओळीतले आणि सात समोरचे पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून घेतले. मग हळूच विचारलं, "किती?"

"चार कोड्या न् सात."

साहेब दचकून जागे झाले. चष्मा लावत म्हणाले, "हां, बघितलं मी हिला. नुसती गप्प आहे हो. सही करून ठेवलीय मी." टेबलावरच्या अर्जावर हिरव्या शाईची सही होती.

"साहेब, ही मोजते," मी म्हटलं. "वीस झाले की विसावा बाजूला ठेवते. चार कोड्या आणि सात. सत्त्याऐंशी."

साहेबांनी बोटांवर हिशोब केला. "पण मासे नव्वद आहेत म्हणालात तुम्ही."

नव्वदच होते. मी स्वतः कापलेले, प्रत्येकाच्या पाठीवर बारीक आकडा टाकलेला. तीन कसे कमी झाले?

"म्हणजे चुकलंच ना," साहेब म्हणाले. आवाजात दोष नव्हता, पण हात घड्याळाकडे गेला. "अंदाज बरा आहे पोरीचा. पण अंदाज म्हणजे मोजणी नव्हे, बाई."

तेवढ्यात चांगुणा दारात आली. तिची नजर आधी पेटीवर गेली, मग पोरीवर.

"साहेब, आपण मोजू," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः मोजा."

ते खाली बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले. अंगणातली पोरं खिडकीला लटकली आणि त्यांच्याबरोबर ओरडून मोजायला लागली. त्रेचाळिसावर एक म्हणाला चव्वेचाळीस, दुसरा म्हणाला बेचाळीस, आणि साहेबांची गाडी रुळावरून घसरली. त्यांनी पुन्हा सुरू केलं. एकसष्टपाशी पुन्हा घसरले. जयवंती त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत होती. मला तो चेहरा ओळखीचा वाटला.

शेवटी मी पोरांना खिडकीतून पिटाळलं, साहेबांना हात जोडून गप्प बसवलं आणि कोडीनं मोजायला लागले. पाच, पाच, पाच, चार, आणि एक बाजूला. ओळीत चार मासे आले. समोर सात उरले.

"सत्त्याऐंशी," साहेब म्हणाले. "पोरीचं बरोबर. मग तुमचे तीन गेले कुठे?"

मी जयवंतीकडे पाहिलं. तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या कट्ट्यावर, कोपऱ्यात, तीन मासे रांगेत ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात छपराच्या गळतीखाली भिजून पुठ्ठा फुगलेला, रंग ओघळलेला.

"ते का नाही मोजलेस ग?" साहेबांनी विचारलं.

"नासलेत."

"नासका माल मोजत नाय साहेब," चांगुणा दारातूनच म्हणाली. पोरीच्या वतीनं माफी मागितल्यासारखं.

रणपिसे साहेबांनी ढिगातला एक मासा उचलून जयवंतीपुढे धरला. "हे वाच बरं."

जयवंतीनं माशाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"वाचता येत नाही?"

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, 'सांग ग, ब.' मी ओठ दातांखाली दाबून धरले. बोलक्या माणसाला ते किती अवघड जातं हे बोलकं माणूसच जाणे. खोलीत कोणी बोलत नव्हतं. जयवंतीनं दोनदा माझ्याकडे पाहून खात्री करून घेतली.

"हा बांगडा नाय," ती म्हणाली.

"बांगडा? बांगडा कोण म्हणालं?"

"लिवलंय." तिनं अक्षरांखालून बोट फिरवलं. "बां-ग-डा लिवलंय. पन हा बांगडा नाय."

"मग कुठला मासा आहे?"

जयवंतीनं मासा हातात घेऊन नीट न्याहाळला. "असला मासाच नसतो," ती म्हणाली.

चित्र मी काढलं होतं. बार्शीच्या बाईनं, बांगडा जवळून कधीही न बघता. गोल गरगरीत पोट, मोठाले खवले, आणि डोळ्यांना पापण्या. साहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. चांगुणानं सवयीनं पेटीच्या कडीला हात घातला.

"ठेव ती," मी म्हटलं. "जया कुठे जात नाही."

तिला ते एकदम उमगलं नाही. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. मग चांगुणा पेटीवरच मटकन बसली. रडली नाही, हसली नाही. बराच वेळ पोरीच्या वेण्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, मना जरा पानी द्या."

गाडी आली तशी निघून गेली. तिचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत आम्ही चौघंही ऐकत होतो. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. तो धोंडा माझाच होता, मीच दुसरीच्या छातीवर ठेवला होता.

अर्जाचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्यावर क्रमांक होता, फाडता येत नव्हता. साहेबांनी आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "लिहा, फेरतपासणीत मुलगी योग्य आढळली."

मी लिहिलं, 'मुलीस मोजता येते व वाचता येते. तपासणारीस तपासता आले नाही.'

"एवढं कशाला लिहिता?" ते म्हणाले. "नोकरी कायम व्हायची आहे तुमची."

"असू दे साहेब," मी म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. चारच्या गाडीपर्यंत त्यांना चांगुणानं घरी नेलं आणि खऱ्या बांगड्याचं कालवण वाढलं. नोकरीही पुढे कायम झाली.

संध्याकाळी चांगुणा पेटी परत घेऊन आली. म्हणाली, "ही घरात ठेवली तर रोज डोल्यांपुढे येईल. तुमचे मासे ठेवा यात. भिजनार नायत." त्या पेटीत मासे ठेवायला लागलो ते मी केळबंदर सोडेपर्यंत. झाकणावरचं नाव मी खरवडलं नाही. खरवडावं असं वाटलं, पण माझ्या सुंदर अक्षरातलं ते नाव रोज माझ्याही नजरेपुढे असलेलं बरं, असं ठरवलं.

जयवंती आईबरोबर आली होती. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुला एवढं येत होतं, मग मला कधी सांगितलं का नाहीस ग?"

तिनं आईकडे पाहिलं. सांगू का, असं विचारल्यासारखं.

"तुमी मधीच बोलता," ती म्हणाली.

चांगुणानं तिला दटावायला हात उचलला, तो मी धरला.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्याच्या वाटेनं शाळेत आले. वास येत होताच, पण चालले. जयवंतीला शेजारी बसवून तीन नवे बांगडे काढले. ती सांगत गेली आणि मी काढत गेले. पोट बारीक कर. पाठीवर काल्या रेघा. शेपूट अशी नको, दोन फाट्यांची. पापण्या मी आधीच गाळल्या होत्या. तिनं तिन्ही मासे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि पहिल्यांदाच हसली.

मग पेटी उघडून सगळे मासे जमिनीवर ओतले. वर्गाला गप्प राहायची खूण केली आणि स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसले. जयवंती मोजायला लागली. तिचे हात लहान होते, दोन-दोन मासे उचलायची. पहिली कोडी झाली, एक बाजूला. दुसरी झाली. तिसरीच्या मध्ये एक मासा तिच्या हातून निसटला, ती क्षणभर थांबली, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं तो उचलला आणि पुढे चालू ठेवलं. चौथी झाली. मग सुटे एक एक करत समोर मांडले आणि हात मांडीवर ठेवले.

"चार कोड्या न् धा," ती म्हणाली.

त्यानंतर मी बोलले.